घड्याळातली पौर्णिमा

त्या घड्याळाचे प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरावे अशी माझी इच्छाही नाही. नोकरीत चोऱ्या, घरफोड्या, मारामाऱ्या इतक्या हाताळल्या की कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला हेही आता धड आठवत नाही. कळंबचे प्रकरण मात्र दिवसागणिक आठवते, कारण त्यात मी एका बाईवर अन्याय करण्याच्या अगदी काठावर येऊन उभा होतो. काठावर म्हणणे म्हणजे स्वतःलाच सवलत देणे झाले. थोडा अन्याय करून झाला होता.

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली होती. वसई-विरार पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडी ओसरत आली होती आणि कळंबच्या किनाऱ्यावरची कॉटेजेस शनिवार-रविवारी भरून वाहत होती. त्या रविवारी दुपारी मी डबा उघडतो न उघडतो तोच ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "सर, कळंबला कॉटेजमध्ये चोरी झालीय. पार्टी मोठी आहे." आमच्या खात्यात 'पार्टी मोठी आहे' असे कोणी म्हटले की डबा आपोआप बंद होतो.

फिर्यादी मुंबईचे व्यावसायिक होते. पन्नाशी उलटलेली, बोलणे मऊ, पांढरा शुभ्र पूर्ण बाह्यांचा सदरा. जुनी घड्याळे जमवण्याचा त्यांना षोक. त्यांनी फोनवरचा फोटो पुढे केला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. मला घड्याळातले काही कळत नाही. माझ्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेले साधे घड्याळ, तेही मूड असेल तसे चालणारे. पण तो फोटो पाहून मी खरोखर थक्क झालो. सोन्याची केस, सायीच्या रंगाची तबकडी, वरच्या बाजूला दोन लहान खिडक्यांत वार आणि महिना, कडेने एक ते एकतीस आकडे आणि त्यांवर टेकलेला निळा बारीक काटा. खाली अर्धगोल खिडकीत गडद निळे आकाश, त्यात ठिपक्यांएवढ्या चांदण्या आणि सोन्याचा वाटोळा चंद्र. माणसाने इतक्या लहान जागेत एवढे सगळे बसवले, तेही कित्येक दशकांपूर्वी, या विचाराने मला त्या अनोळखी कारागिराला नमस्कार करावासा वाटला.

फिर्याद सरळ होती. शनिवारी दुपारी ते दोन मित्रांसह आले. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरले, तिथे घड्याळाचा हा फोटो काढला. रविवारी सकाळी घड्याळ पलंगाशेजारच्या टेबलावर काढून ठेवले आणि समुद्रात डुंबायला गेले. तासाभराने परत आले तर घड्याळ नाही. मधल्या वेळात खोलीत एकच माणूस शिरला होता, चादरी बदलणारी बाई.

ही बाई कळंबचीच. पंचेचाळिशीची, नवरा होडीवर जाणारा, घरात सासू आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. किनाऱ्यावरच्या अकरा कॉटेजेसच्या चाव्या तिच्याकडे असत. मालक सगळे बाहेरचे, कोणी बोरिवलीचा, कोणी ठाण्याचा. महिनोन्महिने ते फिरकत नसत. त्यांचे गॅस, गाद्या, टीव्ही, सगळे या बाईच्या भरवशावर. तिने गावातल्या सहा-सात बायकांना हाताशी धरून हे काम उभे केले होते. म्हणजे प्रश्न एका घड्याळाचा नव्हता. तिच्या नावावर डाग लागला की सहा-सात घरांची चूल अडणार होती. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. कळले नाही.

"खोलीत गेले तवा टेबलावर पान्याची बाटली आनि चष्मा होता," तिने पहिल्या दिवशी सांगितले. "घड्याल नव्हता. असता तं मी चादर झटकायच्या आदी उचलून बाजूला ठेवला असता." हे ती इतक्या थंडपणे बोलली की मला संशय आला. आम्हा पोलिसांचे हे एक वेडच आहे. माणूस रडला तर नाटक करतो, आणि रडला नाही तर निर्ढावलेला आहे.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमचा एक जुना खबरी नालासोपाऱ्यात रिक्षा चालवायचा. त्याने फोन करून सांगितले की ही बाई रविवारी संध्याकाळी, म्हणजे चोरीच्याच दिवशी, सोनाराच्या दुकानातून बाहेर पडताना त्याने स्वतः पाहिली. सोन्याचे घड्याळ, चोरी आणि सोनार! माझ्या डोक्यात गुन्हा उलगडून झाला. पंच घेतले, महिला कर्मचारी घेतल्या आणि तिच्या घराची झडती घेतली. भर दुपारी, अख्ख्या गावासमोर. तांदळाचा डबा पालथा झाला, सुक्या बोंबलाची टोपली अंगणात उपडी झाली, मुलीच्या कॉलेजच्या बॅगेतली वह्या-पुस्तके खाटेवर पसरली. सापडले काहीच नाही. सोनाराकडे चौकशी केली तेव्हा कळले की ती मुलीच्या कानातल्याची हरवलेली फिरकी बसवायला गेली होती. सोनाराने फिरकी बसवली, चहा पाजला आणि ती निघून गेली. बस्स.

इथे मी थांबायला हवे होते. पण वरून रोज फोन येत होते आणि माझा अहंकार आडवा आला. झडतीची बातमी मालकांपर्यंत पोचली होतीच. चार दिवसांत अकरापैकी नऊ जणांनी माणूस पाठवून चाव्या परत नेल्या. गावातल्या बाकीच्या बायकांचेही काम बसले. मी मात्र रोज तिला चौकशीला बोलावत राहिलो. सकाळी यायची, संध्याकाळी सोडायचो. चौकशीला आमच्या ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षक असत. तीस-बत्तिशीच्या, कोल्हापूरकडच्या, आणि वरिष्ठांना तोंडावर बोलायला न घाबरणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ही बाई खोटं बोलत नाहीये." मी म्हणालो, "मॅडम, तुमची सर्व्हिस किती झाली?" त्या पुन्हा चौकशीच्या खोलीत गेल्या. बरे केले.

तिसऱ्या दिवशी मी घड्याळाच्या फोटोची मोठी रंगीत प्रत काढून तिच्यापुढे ठेवली. अशा वेळी माणूस वस्तूकडे कसा बघतो त्यावरून बरेच कळते, हा माझा अनुभव. चोर वस्तूकडे बघायचे टाळतो, नाहीतर गरजेपेक्षा जास्त बघतो. ही बाई फोटोकडे टक लावून बघत राहिली. मी मनात म्हटले, आली जाळ्यात.

"साहेब, यो फोटो कवाचा?" तिने विचारले.

"त्याच शनिवारचा. संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असतानाचा. घड्याळात वेळ दिसतेय, वार दिसतोय, तारीख दिसतेय."

"त्या शनवारचा नाय यो."

"का?"

"त्या दिशी आठम होती. वदातली. आठमीला सहाला पानी भरतं, दर्या पार वरच्या रेतीपतुर येतो." तिने घड्याळाच्या मागे दिसणाऱ्या ओल्या, उघड्या वाळूवर बोट ठेवले. "हितं तं पानी पार आत गेलाय. यो पुनवेचा नाय तं आवसेचा सुकतीचा टाइम हाय." मग बोट घड्याळाच्या खिडकीवर सरकले. "आनि यो चांद बगा. पुरा वाटोला. आठमीला आर्धा पायजे, नाय का? मंग पुनवच. तुमचा घड्यालच सांगतंय."

मी तिला झापले. पंचांग घरी जाऊन सांगा म्हणालो. उपनिरीक्षक बाई मात्र उठल्या, ठाणे अंमलदाराच्या डोक्यावर टांगलेले कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आल्या आणि माझ्यापुढे धरले. त्या शनिवारच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापले होते, वद्य अष्टमी. पौर्णिमा त्याच्या आठ दिवस आधीच्या शुक्रवारी. रोज त्याच कॅलेंडरवर मी सुट्ट्या आणि कोर्टाच्या तारखा बघत होतो.

"हिशेब सोपा हाय," बाई म्हणाली. आता ती आरोपी म्हणून बोलत नव्हती, शिकवत होती. "तिथीची पाऊनपट करायची. आठ तिथी, तिची पाऊनपट सहा. सहाला भरती. पुनवेची पंदरा, तिची पाऊनपट सव्वाअकरा. दुपारी भरला का सांजच्याला सुकला. माजी सासू घड्याल बगत नाय, पन होडी कवा लागनार ते तिला बरोबर ठावं आसतं."

मी बोटांवर मोजून पाहिले. बरोबर येत होते. तरी पोलिसाचा स्वभाव जात नाही. सागरी पोलिसांच्या एका ओळखीच्या हवालदाराला फोन लावून त्यांच्याकडच्या छापील तक्त्यातून त्या शनिवारची भरतीची वेळ विचारली. तो म्हणाला, "संध्याकाळी सहाच्या आसपास, सर." त्या क्षणी मला लाज वाटली, आणि त्याच क्षणी त्या बाईबद्दल जो आदर वाटला तो आजपर्यंत कमी झालेला नाही. तीन दिवस आम्ही तिला ज्या बाकावर बसवले होते, त्याच बाकावरून तिने आमचा तपास करून दिला होता.

पण चंद्राचे काय? घड्याळातला चंद्र नुसताच शोभेचा असला तर? वसई गावात घड्याळदुरुस्तीचे जुने दुकान चालवणारे एक ख्रिस्ती काका होते. फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ ते कागदावरून उचललेच नाही. "साहेब, असलं मशीन आयुष्यात दोनदा हाताळायला मिळालं," ते म्हणाले. "आत एक चकती असते, तिला एकोणसाठ दाते. रोज एक दाता सरकते. चकतीवर दोन चंद्र रंगवलेले, एक मावळला की दुसरा उगवतो. ज्यानं ही चकती आखली त्यानं आकाशाकडे किती रात्री बघितलं असेल, सांगा."

"हा चंद्र चुकीचा असू शकतो?"

"घड्याळ बंद पडलं आणि लावणाऱ्यानं आळस केला, तर असू शकतो. कडेला टाचणीच्या टोकाएवढे खळगे असतात. बारीक काडीनं दाबलं की वार पुढे जातो. तारखेला वेगळा, चंद्राला वेगळा. पण साहेब, एवढं घड्याळ बाळगणारा माणूस चंद्र चुकीचा ठेवून फोटो काढणार नाही. म्हणजे काढू नये." त्यांनी भिंग खाली ठेवले. "किंवा असं करा. चंद्र बरोबर आहे असं धरा. मग वार आणि तारीख कुणीतरी पुढे ढकललीय."

परत येताना गाडीत मी सगळे पुन्हा जुळवले. फोटो आधीच्या शुक्रवारी, पौर्णिमेला काढला होता. वार आणि तारीख काडीने आठ-आठ घरे पुढे नेली होती. मग शनिवारी घड्याळ कळंबला आलेच नव्हते. पण दोन मित्रांनी ते पाहिल्याचे जबाब दिले होते. त्या दोघांना पुन्हा, वेगवेगळे बोलावले आणि एवढेच विचारले, घड्याळ मनगटावर पाहिले की फोनवर? पहिला गोंधळला. दुसरा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, त्यानं शनिवारी संध्याकाळी आमच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. 'कळंबची संध्याकाळ' असं लिहून. मनगट... फुल बाह्यांचा शर्ट होता. मला वाटलं, मी पाहिलंच." खोटे बोलायचा त्याचा हेतू नव्हता. फोनवर पाहिलेली वस्तू आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू यांत हल्ली माणसाला फरक करता येत नाही, साक्षीदारालाही नाही.

फिर्यादींना बोलावले. चहा दिला. तक्ता, कॅलेंडर, काही दाखवले नाही. फक्त पुरवणी जबाब घ्यायचा आहे म्हटले. "शनिवारी तुम्ही फोटो काढला तेव्हा समुद्र कुठे होता?"

"बराच आत. फोटोत दिसतंय ना."

"वाळूवर किती वेळ चाललात?"

"अर्धा तास तरी. छान मोकळी वाळू होती."

हे लिहून घेतले, त्यांनी सही केली. मग त्यांचा फोन ताब्यात घेतला. तो सायबरकडे पाठवून मूळ फोटो काढला, तो आधीच्या शुक्रवारच्या संध्याकाळचा निघाला. किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्यात त्यांची गाडी त्याच शुक्रवारी दिसली. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. मग त्यांनी सगळे सांगितले. घड्याळ त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला परस्पर विकले होते, आणि त्याचा विमाही उतरवलेला होता. एकाच घड्याळावर दोनदा हात मारायचा होता. चोर म्हणून कोणीतरी हवे होते, आणि चादरी बदलणारी बाई प्रत्येक कॉटेजमध्ये असतेच.

मी विचारले, "वार बदललात, तारीख बदललीत, मग चंद्र का नाही बदललात? एक काडी तर दाबायची होती."

ते खिन्न हसले. "पूर्ण चंद्र फोटोत इतका सुरेख दिसत होता, की अर्धा करवेना. आणि साहेब, चंद्राकडे बघतंय कोण?"

या माणसाची मला चीड आली होती, अजून येते. पण खरे सांगायचे तर तो शेवटी घड्याळाच्या प्रेमापायी सापडला. चोरीची फिर्याद खोटी आणि जाणूनबुजून केलेली, म्हणून प्रकरण बंद करण्याचा 'ब' समरीचा अहवाल कोर्टात गेला आणि त्यांच्यावर वेगळा गुन्हा दाखल झाला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात ठाण्याचे कौतुक होते, बाईचा उल्लेख नव्हता.

उपनिरीक्षक बाईंना मी म्हणालो, "त्या बाईला फोन करून कळवा, क्लीन चिट."

"फोनवर, सर?"

त्यांचा तो प्रश्न मला झोंबला, पण फोनच केला गेला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः ठाण्यात हजर. बसायला सांगितले तरी बसली नाही. "साहेब, माज्या घराची झडती गावानं बगितली. आता खरं काय तेबी गावानं ऐकाया पायजे. रविवारी दुपारी गावकी बसते. तुमी या आनि सांगा."

गावकी म्हणजे गावच्या पंचांची बैठक. मी वर्दीतला प्रभारी अधिकारी, चौतीस वर्षांची नोकरी, आणि मी मच्छीमारांच्या बैठकीत जाऊन चूक कबूल करायची? "बघू," म्हणालो. 'बघू'चा अर्थ मराठी माणसाला ठाऊक असतो. तिलाही होता. ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "मना काम नाय मिललं तरी चालंल, होडी हाय आमची. पन पोरगी कालिजात जाते तवा मागून पोरी काय बोलतात, ते तुमी एक दिस ऐका."

रविवारी मी गेलो. वर्दी घालूनच गेलो, कारण झडतीही वर्दीतच घेतली होती. देवळासमोरच्या मांडवात साठ-सत्तर माणसे बसली होती, बाया एका बाजूला. मी उभा राहिलो आणि सांगायला लागलो. फोटो, भरती, अष्टमी, चंद्र, सगळे. सुरुवातीला माझा आवाज पोलिसी होता, मग तो आपोआप खाली आला. ही बाई निर्दोष आहे, आणि हा गुन्हा आम्ही उघडकीस आणला नाही, तिने आणला, असे मी म्हणालो. सांगून झाले. मला वाटले, सुटलो.

तेव्हा गावकीचे म्हातारे पाटील म्हणाले, "साहेब, आमच्यात बोललेला लिवून ठेवायची पद्दत हाय." एकाने वही उघडली. मी पुन्हा सांगितले, त्याने लिहून घेतले आणि मोठ्याने वाचून दाखवले. हजारो माणसांचे जबाब मी घेतले असतील. माझा स्वतःचा जबाब कोणी घ्यायची ही पहिलीच वेळ. पुढे बसलेल्या माणसाला आपलेच शब्द वाचून दाखवले जातात तेव्हा त्याला काय वाटते, ते मला त्या मांडवात कळले. या प्रकरणाने मला काय शिकवले म्हणाल, तर एवढेच. पुढे निवृत्त होईपर्यंत कोणाचाही जबाब घेताना मी आवाज चढवला नाही.

लेखनिकाने लिहिले होते, 'सदर झडती गैरसमजुतीने घेण्यात आली.' बायांमधून तिचा आवाज आला, "गैरसमज कसला? चूक झाली म्हना." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पेन मागून घेतले, 'गैरसमजुतीने' हा शब्द खोडला, वर 'माझ्या चुकीने' असे लिहिले आणि खाडाखोडीवर आमच्या नियमाप्रमाणे छोटी सही केली. खाली पूर्ण नाव, हुद्दा.

लेखनिकाने दुरुस्त केलेले वाक्य पुन्हा मोठ्याने वाचले. तीन दिवस माझ्यासमोर बसून जिच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते, ती बाई तेव्हा मुलीच्या खांद्यावर डोके टेकवून मोठ्याने रडली. मी टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.